नोकरीचा अर्ज आणि स्वतःचें चित्र

चित्रकलेची आवड असलेल्या मुलांच्या घरीं एक प्रश्न आज ना उद्यां उभा राहतोच. मूल शाळेंत असतांना एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षा देतें, पुढें कलाशाळेंत जातें, तेथील शिक्षण पुरें करतें. आणि मग चरितार्थाचें काय, असें आईवडील विचारूं लागतात. नेमक्या त्याच सुमारास मुलाच्या मनांत एखादें स्वतःचें मोठें काम घोळत असतें. कोणाला चित्रमय कथेचें पुस्तक करावयाचें असतें, कोणाला येऊरच्या पक्ष्यांची चित्रमाला, तर कोणाला पांच मिनिटांचा कां होईना, पण स्वतःचा ॲनिमेशनपट. आईवडिलांना वाटतें, हें खूळ डोक्यांतून गेल्यावांचून मूल नोकरीकडे वळणार नाहीं. मुलाला वाटतें, एकदां नोकरींत अडकलों कीं हें काम जन्मांत हातून होणार नाहीं. दोघांचीही भीति अगदींच निराधार नाहीं, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. नोकरी लागल्यावर ब्रश कायमचा खालीं ठेवलेले पुष्कळ लोक आपल्या पाहण्यांत असतात, आणि अपुरें चित्र उशाशीं घेऊन वर्षानुवर्षें घरीं बसलेलेही असतात. तेव्हां या विषयांतील व्यवहार नीट समजून घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमच्या मतें या पेंचाचें मूळ कामाच्या आकारांत असतें. स्वतःचें काम मोठें, पसरट व बहुधा अपुरें असतें. अर्जाबरोबर जोडावयाचा नमुना मात्र लहान, पुरा झालेला आणि परक्या माणसाला दोन मिनिटांत पाहतां येईल असा लागतो. मोठ्या कामांतून असा एक पुरा तुकडा वेगळा काढतां आला, तर अर्जासाठीं निराळें काम करावें लागत नाहीं, आणि मोठें कामही एक पाऊल पुढें जातें. बोलावयास ही गोष्ट सोपी आहे. करतांना कोठें अडतें तें आतां पाहूं.

आपल्या वर्तकनगरांतलेंच एक उदाहरण घेऊं. येथील म्हाडाच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालला असून त्यांच्या जागीं उंच मनोरे उभे राहत आहेत. समजा, येथेंच वाढलेल्या एका मुलीनें ठरविलें कीं, या जुन्या इमारतींचें एक चित्रपुस्तक करावें. जिन्याखालीं ठेवलेल्या सायकली, गॅलरींत वाळत घातलेले कपडे, तळमजल्यावरील किराणा मालाचें दुकान, पावसाळ्यापूर्वीं गच्चीवर पसरलेले पापड, अशीं चाळीस चित्रें काढावयाचीं आणि प्रत्येक चित्राखालीं चार ओळी लिहावयाच्या. हें काम तिला कोणीं सांगितलेलें नाहीं आणि त्याचे पैसेही कोणी देणार नाहीं. परंतु तें पुढें ढकलणेंही शक्य नाहीं. कारण इमारत एकदां पाडली, म्हणजे पाहून काढावयास तो जिनाच उरत नाहीं. अशा वेळीं मुंबईंतील एका ॲनिमेशन स्टुडिओची जाहिरात येते: पार्श्वभूमीचीं चित्रें काढणारा चित्रकार पाहिजे, तीन आठवड्यांच्या आंत अर्ज व कामाचे नमुने पाठवावे. या मुलीनें काय करावें?

अशा प्रसंगीं दोन प्रकार नेहमीं घडतात. पहिला असा कीं, पुस्तक पुरें झाल्यावर अर्ज करूं म्हणून जाहिरातीची मुदत जाऊं द्यावयाची. चाळीस चित्रें म्हणजे वर्ष-दीड वर्षाचें काम; तोंवर घरांतील कुरबुर वाढत राहते आणि शेवटीं तिच्यापायीं पुस्तकही मोडतें. दुसरा प्रकार याहून शहाणपणाचा दिसतो, पण नुकसान त्यांतही आहे. पुस्तक बाजूला ठेवून मुलगी तीन आठवडे बसते, आणि परदेशी चित्रपटांत पाहिलेले किल्ले, अंतराळयानें व बर्फाळ डोंगर यांचीं नवीं चित्रें केवळ अर्जासाठीं काढते. तीं पाहणाऱ्यास तशाच शेंकडों चित्रांची आठवण होते, कारण बहुतेक उमेदवार तेच चित्रपट पाहून आलेले असतात. अर्ज नाकारला गेला, तर त्या चित्रांचा पुढें कांहीं उपयोग नाहीं. आणि इकडे दरम्यान एक इमारत गेली ती गेलीच.

येथें दादासाहेब फाळके यांची गोष्ट सांगण्याजोगी आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० सालीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत, ज्या शाळेला आपण जे.जे. म्हणतों तींत, आणि पुढें बडोद्याच्या कलाभवनांत ते शिकले. त्यांनीं छायाचित्रणाचा धंदा केला; १९०३ सालीं सरकारच्या पुराणवस्तु खात्यांत नोकरी धरिली; ती सोडून छापखाना काढला, आणि तोही सुटला. चाळिशीच्या सुमारास ख्रिस्तचरित्रावरील एक चित्रपट मुंबईंत त्यांच्या पाहण्यांत आला, आणि आपल्या पुराणकथा अशाच पडद्यावर आणावयाच्या, हें त्यांच्या मनानें घेतलें. १९१२ च्या आरंभीं ते लंडनला जाऊन कॅमेरा व इतर सामग्री घेऊन आले. मनांत होता तो 'राजा हरिश्चंद्र' हा पूर्ण लांबीचा चित्रपट. त्यासाठीं भांडवल मात्र जवळ नव्हतें. आणि जी वस्तु लोकांनीं कधीं पाहिलेलीच नाहीं, तिच्यासाठीं पैसे मागावयाचे, तर दाखवावयाचें काय?

फाळक्यांनीं कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा समोर स्थिर ठेवला आणि अंकुराची वाढ रोज थोडी थोडी टिपीत गेले. महिनाभराच्या या खटाटोपाचें फळ पडद्यावर जेमतेम मिनिटभर दिसे. दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल वाढते, एवढेंच. परंतु तें पुरें होतें. कॅमेऱ्यावर हात बसला आहे, फिल्म धुतां येते, छापतां येते, आणि हा मनुष्य एका वस्तूच्या मागें महिनाभर चिकाटीनें बसूं शकतो, या चार गोष्टी त्या एका मिनिटानें पाहणाऱ्यांस पटविल्या. 'अंकुराची वाढ' या नांवानें तो लघुपट ओळखला जातो. तो पाहून कर्ज देणारा माणूस मिळाला, आणि ३ मे १९१३ रोजीं 'राजा हरिश्चंद्र' गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. हरिश्चंद्राचा एखादा अर्धवट प्रवेश दाखवून हें साधलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. अर्धवट वस्तु पाहणारा तींत काय नाहीं तेंच पाहत असतो.

या चरित्राची दुसरी बाजूही पालकांपासून लपवूं नये. लंडनच्या प्रवासासाठीं फाळक्यांनीं विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे केले. पुढें पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिने गहाण पडले. मंडळींचा स्वयंपाक सांभाळून सरस्वतीबाईंनीं फिल्म धुण्याचें कामही शिकून घेतलें, आणि तरीही फाळक्यांचीं अखेरचीं वर्षें नाशिकास ओढगस्तींत गेलीं. १९४४ सालीं ते वारले. तेव्हां या गोष्टींतून आम्ही घ्यावयास सांगतों तो भाग कुंडीचा आहे, गहाणाचा नव्हे.

आतां आपल्या मुलीकडे परत येऊं. तिची कुंडी कोणती? पार्श्वभूमी काढणाऱ्या चित्रकाराकडून स्टुडिओला काय हवें असतें, याचा तिनें प्रथम विचार करावा. त्याला जागा काढतां आली पाहिजे: खोली, गल्ली, जिना, आंगण. त्या जागेंतील अंतरें डोळ्यांना खरीं वाटलीं पाहिजेत. आणि एकच जागा सकाळीं, भर दुपारीं व रात्रीं दिव्याच्या उजेडांत कशी बदलते, हें रंगांतून दाखवितां आलें पाहिजे. कारण कथा पुढें सरकते तसा उजेडही बदलतो. म्हणजे तिनें पुस्तकांतील एकच जिना घ्यावा आणि तो तीन वेळां काढावा. सकाळचें ऊन पायऱ्यांवर तिरपें पडलें आहे. दुपारीं जिना थंड व काळसर, बाहेर मात्र डोळे दिपताहेत. रात्रीं वरच्या मजल्याचा एकच दिवा लागला आहे. हीं तीन चित्रें, त्यांचीं पहिलीं कच्चीं रेखाटनें, आणि पूर्वींच्या कामांतील निवडक चार-पांच चित्रें, एवढा संग्रह पुरे. वीस बऱ्या चित्रांपेक्षां आठ चांगलीं चित्रें पाहणाऱ्यास अधिक लक्षांत राहतात, आणि संग्रहाची किंमत पुष्कळदां त्यांतील सर्वांत कच्च्या चित्रावरून ठरते, हें मुलांना कितीही सांगितलें तरी पटत नाहीं. तिन्ही चित्रें पुढें पुस्तकांतही जातील. चाळीसपैकीं तीन पानें झालीं, आणि तीं मुदतीच्या धाकानें झालीं, हा लाभ लहान नाहीं.

येथें एक बारीक पण उपयोगाची सूचना. प्रत्येक चित्राच्या पाठीमागें पेन्सिलीनें, तें पुरें करावयास किती तास लागले, तें लिहून ठेवावें. मुलाखतींत हा प्रश्न बहुधा येतोच, आणि अंदाजानें दिलेलें उत्तर ऐकणाऱ्यास लगेच कळतें. शिवाय पुस्तकाचीं उरलेलीं पानें केव्हां पुरीं होतील याचा खरा हिशेब त्याच आंकड्यांवरून मांडतां येतो. अर्जाच्या पत्रांत मात्र "मी सध्यां एका पुस्तकांत गुंतलें आहें" असें लिहूं नये. मालक तें वाचून मनांत म्हणेल कीं, मग ही आमचें काम केव्हां करणार? "सोबतचीं तीन चित्रें ठाण्यांतील जुन्या वसाहतीवरील माझ्या चित्रमालेंतलीं आहेत," एवढें एक वाक्य लिहावें. त्यांत खोटें कांहीं नाहीं, आणि अधिक माहिती हवी असेल तर मालक आपण होऊन विचारील.

वेळेचा हिशेब करूं. अर्जाच्या कामाला पसरण्याची खोड असते. पत्र दहा वेळां लिहिलें तरी अकराव्यांदा लिहावेसें वाटतें. म्हणून तीन आठवड्यांचे एकवीस दिवस आधींच वांटून टाकावे. चौदा दिवस तीन चित्रांना, दोन दिवस जुन्यांतून निवड करण्यास, दोन दिवस पत्रास. उरलेले तीन दिवस ताप, पाहुणे व वीज जाणें यांसाठीं राखून ठेवावे. या काळांत पुस्तकाचें दुसरें रंगकाम अजिबात करूं नये. परंतु जी इमारत लवकरच पाडली जाणार आहे, तिच्याकडे मात्र रविवारीं जाऊन यावें: पेन्सिलीचीं झटपट रेखाटनें, कांहीं छायाचित्रें, पायऱ्यांची संख्या, भिंतींच्या रंगांची टिपणें. जें नाहींसें होणार आहे त्याची टिपणें आधीं करावीं. रंगवावयाचें तें मागाहून रंगवितां येतें. मोठ्या कामांत कोणता भाग थांबूं शकतो आणि कोणता थांबूं शकत नाहीं, हें वेगळें काढल्यावर मनावरचा निम्मा भार उतरतो.

आणि नोकरी लागली म्हणजे? वर्तकनगरांतून निघून बसनें ठाणें स्टेशन, तेथून ३४ किलोमीटरांवर छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस, आणि पुढें पायपीट. जाऊन येऊन रोजचे तीन तास सहज धरावे लागतात. आठवड्याचे तास १६८. त्यांतून सहा दिवसांची नोकरी, प्रवास, झोंप, जेवणखाण व घरचें काम वजा घालतां, फार तर पंधरा-वीस तास स्वतःचे म्हणतां येतील. त्यांतले आठ तास जरी चित्रास मिळाले, तरी महिन्याकाठीं बत्तीस होतात. अशा आठ तासांवर जगलेल्या चित्रकारांचीं उदाहरणें आपल्याकडे थोडीं नाहींत.

सय्यद हैदर रझा यांचें उदाहरण तर अर्ज, मुदत व नोकरी या तिन्ही बाबतींत बोलकें आहे. रझा यांचा जन्म १९२२ सालीं आजच्या मध्य प्रदेशांतील बाबरिया येथें झाला. नागपूरच्या कलाशाळेंत ते शिकले, आणि गोंदियास त्यांना ड्रॉइंग शिकविण्याची नोकरी होती. जे.जे.त पुढील शिक्षणासाठीं मध्यप्रांत सरकारची शिष्यवृत्ति मिळाली; परंतु १९४३ सालीं ते मुंबईस पोहोंचले तोंवर प्रवेशाची मुदत टळून गेली होती. प्रवेश नाहीं म्हणून शिष्यवृत्तिही गेली. गोंदियास परत जाऊन मास्तरकी करण्याचा मार्ग मोकळा होता, आणि तो वाईट होता असें कोण म्हणेल? रझा मुंबईंतच राहिले आणि 'एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओ' या ठिकाणीं त्यांनीं चित्रकाराची नोकरी धरिली.

ब्लॉक स्टुडिओ म्हणजे काय, हें आजच्या मुलांना सांगितलें पाहिजे. त्या काळीं वर्तमानपत्रांत किंवा पुस्तकांत चित्र छापावयाचें, तर तें आधीं जस्ताच्या वा तांब्याच्या पत्र्यावर आम्लानें कोरून घ्यावें लागे. त्या पत्र्यास ब्लॉक म्हणत. जाहिरातींची व मजकुराची मांडणी करणें, चित्रें ब्लॉकसाठीं तयार करणें, असलें काम त्या स्टुडिओंत चाले. रझा दिवसां तें करीत आणि संध्याकाळीं चित्रकलेचा अभ्यास करीत. मुंबईच्या रस्त्यांचीं, पावसाचीं, गर्दीचीं जलरंगांतील चित्रें त्या काळांत त्यांच्या हातून उतरलीं. १९४६ सालीं, म्हणजे मुंबईस आल्यापासून तीन वर्षांच्या आंत, त्यांचें पहिलें स्वतंत्र प्रदर्शन बाँबे आर्ट सोसायटीच्या दालनांत भरलें. आणि १९५० सालीं ते फ्रान्सला गेले. जलरंग लवकर वाळतात, साहित्य थोडें लागतें, आणि तासा-दोन तासांच्या बैठकींत एक चित्र पुरें होऊं शकतें, ही गोष्ट येथें विसरूं नये. नोकरी करणाऱ्यानें आपल्या तासांना मानवेल असें माध्यम घेतलें, तर निम्मी अडचण तेथेंच मिटते. रोज एक तास मिळणाऱ्यानें भिंतीएवढें तैलचित्र आरंभिलें, तर पहिला अर्धा तास रंग काढण्यांत आणि शेवटला ब्रश धुण्यांत जावयाचा.

पंढरपुरास १९१५ सालीं जन्मलेले मकबूल फिदा हुसेन हे मुंबईंत आधीं सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवीत. १९४१ च्या सुमारास त्यांनीं लहान मुलांचें फर्निचर व खेळणीं यांची रचना करण्याची नोकरी धरिली. १९४७ सालीं बाँबे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांत त्यांचें चित्र लागलें, आणि त्याच वर्षीं प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्यें ते व रझा एकत्र आले. फलक रंगविण्याचें काम पुष्कळांना हलकें वाटे. त्यांतून मिळालेला रुंद, न कचरणारा हात हुसेन यांच्या चित्रांत शेवटपर्यंत दिसतो, असें आमचें मत आहे.

मग कोणती नोकरी धरावी? आमच्या समजुतीप्रमाणें, पगाराच्या आंकड्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी: ती नोकरी संध्याकाळीं माणसाला कोणत्या स्थितींत घरीं पाठविते? कांहीं कामें हाताला थकवितात पण मन मोकळें ठेवितात. कांहीं याच्या उलट. कल्पकतेचेंच काम दिवसभर दुसऱ्यासाठीं करून आलेल्यास रात्रीं स्वतःची कल्पना सुचत नाहीं, अशी तक्रार पुष्कळ चित्रकारांच्या तोंडून ऐकूं येते. कांहींना मात्र नोकरीच चारा पुरविते. नागांवचे प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) जे.जे.तून बाहेर पडल्यावर १९६१ सालीं विणकर सेवा केंद्रांत लागले. हातमागावर विणणाऱ्यांना नव्या नक्षी पुरविण्यासाठीं केंद्र सरकारनें ही केंद्रें काढलीं आणि त्यांत चित्रकारांना नोकऱ्या दिल्या. अकोल्याचे अंबादास हेही त्यांतलेच. बरवे यांना वाराणसीस पाठविण्यांत आलें, आणि चार वर्षें ते तेथें राहिले. त्या मुक्कामांत तांत्रिक परंपरेंतील आकृति व चिन्हें त्यांच्या पाहण्यांत आलीं, आणि त्यांच्या चित्रांनीं वळण घेतलें. पुढें मुंबईच्या केंद्रांत त्यांनीं नोकरी चालू ठेविली. एकंदर सुमारें वीस वर्षें. दिवसां साड्यांची व कापडाची नक्षी, आणि एरव्हीं स्वतःचीं चित्रें. या सर्व काळांत ते वह्या लिहीत: रेखाटनें, विचार, सुचलेल्या वस्तु. चित्राला तास मिळाला नाहीं, तरी वहीला दहा मिनिटें मिळत असावींत. 'कोरा कॅनव्हास' हें त्यांचें मराठी पुस्तक १९९० सालीं निघालें, आणि २०१९ सालीं मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत त्यांचें मोठें प्रदर्शन भरलें, तेव्हां त्या वह्यांचीं पानेंही लोकांस पाहावयास मिळालीं.

शिक्षकाची नोकरीही या बाबतींत पुष्कळ सोयीची आहे, सुट्ट्या असतात म्हणून. महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० सालीं जे.जे.त विद्यार्थी म्हणून आले, तेथेंच शिक्षक झाले आणि १९३१ सालीं निवृत्त झाले. हीं एकेचाळीस वर्षें त्यांनीं आपल्या आत्मचरित्राच्या नांवांतच गुंफलीं आहेत. शिकविणें सांभाळून त्यांनीं पुस्तकांचीं चित्रें, पोस्टकार्डें, भित्तिपत्रकें, ऐतिहासिक प्रसंग यांचें जें काम केलें, त्याची गणना करणें कठीण.

आतां एक रुक्ष पण फार महत्त्वाची गोष्ट. आपल्या देशांतील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणें, नोकरीच्या कराराखालीं व नोकरीचा भाग म्हणून केलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. यांत अन्याय कांहीं नाहीं. पगार त्याचसाठीं घेतलेला असतो. परंतु घरीं चाललेलें पुस्तक नोकरीचा भाग नाहीं, हें पुढें सिद्ध करण्याची वेळ येऊं नये, म्हणून आधींच काळजी घ्यावी. स्वतःचें काम स्टुडिओच्या संगणकावर, स्टुडिओच्या कागदावर किंवा कामाच्या वेळांत करूं नये. चित्रांवर तारखा घालाव्या. नेमणुकीचें पत्र सही करण्यापूर्वीं शेवटपर्यंत वाचावें; कांहीं पत्रांत, नोकर असतांना केलेलें सर्वच काम मालकाचें, असें वाक्य घुसडलेलें असतें. तसें आढळल्यास नम्रपणें लिहून कळवावें कीं, माझें अमुक पुस्तक आधींपासून चालू आहे, तेवढें यांतून वगळावें. मुलें येथें संकोच करितात, नोकरी हातची जाईल या भयानें. नोकरी देणारा शहाणा असेल तर अशा पत्रानें रागावत नाहीं. आणि रागावलाच, तर पुस्तकाचें तेथें काय झालें असतें तें वेळींच कळलें असें समजावें. अर्जासोबत फुकट नमुना-काम करून मागण्याचीही रीत पडली आहे. एका दिवसाचें असेल तर करावें; आठवड्याचें असेल तर मोबदला विचारावा.

नकार येतात. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना जे.जे.नें प्रवेश नाकारला होता. पुढें त्याच मुंबईंत 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या पानांवर त्यांचा सामान्य माणूस अर्धशतकाहून अधिक काळ वावरला. अर्थात् प्रत्येक नाकारलेला उमेदवार लक्ष्मण नसतो. पांच-सहा ठिकाणांहून उत्तरच आलें नाहीं, तर संग्रह एखाद्या जाणत्या शिक्षकास दाखवून त्यांतील कच्चीं चित्रें काढून टाकावीं. मात्र अर्जाच्या चित्रांवरून आलेला नकार हा स्वतःच्या पुस्तकाविषयींचा निकाल नव्हे. स्टुडिओनें त्यांच्या कामास हा हात लागेल काय, एवढेंच पाहिलें. जिना कोणाच्या आजोबांचा होता हें त्यांनीं पाहिलेलें नाहीं.

पालकांस दोन शब्द. "नोकरीचें काय झालें?" हा प्रश्न रोज जेवतांना विचारल्यानें अर्जांची संख्या वाढत नाहीं, चित्रें मात्र कमी होतात. त्यापेक्षां मुलाशीं बसून एक मुदत ठरवावी: इतके महिने, महिन्यास इतके अर्ज, आणि आठवड्याला इतके तास स्वतःच्या कामाचे. अर्जांची नोंद मुलानें वहींत ठेवावी व महिनाअखेर आपण होऊन दाखवावी. घरची स्थिति ओढीची असेल, तर तेंही मुलापासून लपवूं नये. मुदत आंखुडती ठरेल, पण ती दोघांनीं मिळून ठरविलेली असेल. दोन खोल्यांच्या घरांत चित्रासाठीं वेगळी खोली कोठून येणार? तरी एक टेबल, ज्यावर दुसरें कोणी कांहीं ठेवणार नाहीं, एवढें बहुधा करतां येतें.

आणि एखाद्या सुटीच्या दिवशीं मुलांना घेऊन डोंबिवलीस जावें. उघडण्याची वेळ आधीं विचारून घ्यावी. कल्याण-डोंबिवलीच्या परिसराशीं जन्माचें नातें असलेले शिल्पकार सदाशिव साठे (१९२६–२०२१) यांच्या शिल्पांचा संग्रह तेथील 'शिल्पालया'त आहे. मुंबईंत गेटवे ऑफ इंडियाजवळ १९६१ पासून उभा असलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. दिल्लींतील टाऊन हॉलसमोरील गांधीजींचा पुतळाही त्यांचा, आणि तो केला तेव्हां ते तिशीच्या आंत होते. असे सार्वजनिक पुतळे एकदम घडत नाहींत. शिल्पकार आधीं हातभर उंचीचा लहान नमुना मातींत करतो. तो समितीच्या टेबलावर ठेवला जातो. मंडळी सभोंवार फिरून पाहतात, घोड्याचा पाय असा कां, मान इतकी कां वळली, असें विचारतात. आणि तो पसंत पडला, म्हणजे मग मोठ्या मातीला हात लागतो.